शब्दांच्या खेळातले वर आणि मर्यादा

शंकराने प्रसन्न होऊन भस्मासुराला वर दिला की, तू ज्याच्या मस्तकावर हात ठेवशील तो भस्म होईल. वर देताना काही गोष्टी ठरवायच्या राहून गेल्या. हा हात कोणावर चालणार नाही, तो वापरण्याची किंमत काय आणि समोरच्याला त्यातून सुटण्याचा मार्ग कोणता, हे कोणीच विचारले नाही. परिणामी पहिले संकट वर देणाऱ्यावरच आले आणि ते निवारण्यासाठी विष्णूला मोहिनीचे रूप घ्यावे लागले. इंटरनेटवर केवळ शब्दांच्या आधारे खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळांची रचना करणाऱ्यांपुढे गेली चार दशके नेमका हाच पेच आहे. खेळाडूने निर्माण केलेल्या पात्राला शक्ती तर द्यायलाच हवी. पण ती किती, कोणत्या अटीवर आणि कोणाविरुद्ध?

या खेळांत चित्रे नसतात, आवाजही नसतो. पडद्यावर मजकूर उमटतो : 'तुम्ही एका जुन्या वाड्याच्या चौकात उभे आहात. उत्तरेकडचा दिंडी दरवाजा अर्धवट उघडा आहे.' खेळाडू 'उत्तरेला जा' असे टंकतो आणि पुढच्या दालनाचे वर्णन समोर येते. त्याच दालनात त्या क्षणी दुसऱ्या शहरात बसलेला आणखी कोणी खेळाडू उभा असू शकतो. त्याच्याशी बोलता येते, सौदा करता येतो, लढताही येते. काही खेळांत कोण जिंकले याचा निवाडा संगणकाचा प्रोग्रॅम करतो, तर काहींत खेळाडू आळीपाळीने परिच्छेद लिहून कथा पुढे नेतात आणि वाद झाल्यास संचालक निर्णय देतो. दोन्ही प्रकारांत खेळाडूचे पहिले काम एकच, ते म्हणजे आपले पात्र घडविणे.

जन्माचे की कर्तृत्वाचे?

या खेळांचा उगम इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात झाला. १९७८ साली रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने तेथील मोठ्या संगणकावर एकाच वेळी अनेकांना खेळता येईल असा शब्दखेळ लिहायला घेतला. त्याचा सहाध्यायी रिचर्ड बार्टल याने तो पुढे पूर्णत्वाला नेला. 'मल्टी-युजर डंजन' हे त्याचे नाव. त्याच्या 'मड' या आद्याक्षरांवरूनच पुढे या प्रकारच्या सर्व खेळांना 'मड' म्हटले जाऊ लागले.

या पहिल्या खेळात पात्र घडविण्याचा विधी फारच छोटा होता. नाव सांगायचे, स्त्री की पुरुष ते सांगायचे आणि आत जायचे. कुळ नाही, पेशा नाही. सर्वांची सुरुवात नवशिक्याच्या पायरीवरून होई आणि खजिना शोधून, शत्रू मारून गुण जमविले की पायरी वाढे. अगदी वरची पायरी मांत्रिकाची. तेथे पोहोचलेल्या खेळाडूला केवळ एका आज्ञेने दुसऱ्याचे पात्र संपविण्याचाही अधिकार मिळे. माणसाची जागा जन्मावरून न ठरता त्याच्या कर्तृत्वावरून ठरावी, असा विचार या रचनेमागे होता आणि तो ब्रिटनमधील वर्गव्यवस्थेला दिलेला प्रतिसाद होता, असे बार्टल यांनी पुढे सांगितले आहे.

दुसरा प्रवाह कागदावरच्या खेळातून आला. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यात पात्राचे ताकद, बुद्धी, शहाणपण, चपळता, चिवटपणा आणि व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव असे सहा गुण असत आणि प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकले जात. तीन फाशांची एकूण २१६ दाने पडू शकतात. त्यांपैकी १८ ही कमाल बेरीज केवळ एका दानात येते, तर ९ ते १२ या दरम्यानची बेरीज १०४ दानांत, म्हणजे जवळजवळ निम्म्या वेळा येते. बहुतेक पात्रे सामान्य आणि क्वचित एखादे असामान्य, असे हे गणित होते.

टेबलाभोवती बसलेल्या मित्रांमध्ये हे गणित टिकते, कारण पडलेले दान सगळ्यांना दिसते. संगणकासमोर एकट्या बसलेल्या खेळाडूला ते बंधन नसते. दान वाईट पडले तर तो पात्र रद्द करून नवे घडवितो आणि मनासारखे आकडे मिळेपर्यंत हेच करीत राहतो. नशिबाची जागा मग चिकाटी घेते आणि खेळात येणारे प्रत्येक पात्र असामान्य होऊन बसते. सगळेच भीम असतील, तर भीम असण्याला अर्थ उरत नाही.

पुंजी आणि तिचा खर्च

यावरचा उपाय म्हणजे प्रत्येकाला सारखी पुंजी देणे. १९८१ सालच्या 'चॅम्पियन्स' या महानायकांच्या खेळाने ही पद्धत रूढ केली. खेळाडूला ठरावीक अंक मिळतात आणि ते त्याने आपल्या पात्राचे गुण व शक्ती यांवर खर्च करायचे असतात. येथे रचनाकाराची कसोटी लागते ती भाव ठरविताना.

एक सोपे उदाहरण घेऊ. सहा गुण आहेत, प्रत्येकाच्या दहा पायऱ्या आहेत आणि खेळाडूजवळ ३० अंक आहेत. पहिल्या पाच पायऱ्यांना प्रत्येकी १, पुढच्या तिन्हींना प्रत्येकी २ आणि अखेरच्या दोहोंना प्रत्येकी ४ अंक असा भाव ठेवला, तर एखादा गुण दहाव्या पायरीवर नेण्यास १९ अंक लागतात. उरलेल्या ११ अंकांत बाकीचे पाच गुण भागवावे लागतात. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दोन पायऱ्या. याउलट सर्व गुण पाचव्या पायरीवर ठेवले, तर ३० अंकांत हिशेब बरोबर जुळतो. अचाट ताकदीचा मल्ल व्हायचे असेल, तर बुद्धी आणि चपळता यांवर पाणी सोडावे लागेल, ही तडजोड भावाच्या चढत्या पायऱ्यांमुळे आपोआप घडते.

अर्थात खेळाडूही हिशेबी असतात. ज्या गुणाची खेळात कधी परीक्षाच होत नाही, तो गुण ते तळाशी ठेवतात. लढाया पावलोपावली असतील आणि संभाषणाचे प्रसंग मोजके असतील, तर व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावावर कोणीही अंक खर्च करणार नाही. पात्राच्या उणिवा स्वीकारल्यास जादा अंक देण्याच्या पद्धतीचेही तसेच. पात्राला पाण्याची भीती आहे असे लिहून एखादा दहा अंक मिळवितो आणि खेळ मात्र वाळवंटात चालतो! जी उणीव कधी आडवी येणार नाही, तिच्या मोबदल्यात काही देऊ नये, हा नियम अनुभवी संचालक म्हणूनच काटेकोरपणे पाळतात.

डेन्मार्कमधील कोपनहेगन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागातील विद्यार्थ्यांनी १९९१ साली खुला केलेल्या 'डिकूमड'ने तिसरा मार्ग लोकप्रिय केला. त्यात पात्राने योद्धा, चोर, पुरोहित किंवा जादूगार यांपैकी एक पेशा निवडायचा असे. योद्धा घाव सोसतो, पुरोहित जखमा भरतो, जादूगार दुरून मारा करतो आणि चोर कुलपे उघडतो. एकट्याचे कोणाचेच भागत नसल्याने अनोळखी खेळाडूंना एकत्र यावेच लागते. पुढे १९९९ साली आलेल्या 'एव्हरक्वेस्ट' या चित्रमय ऑनलाइन खेळावर याच रचनेची छाप होती आणि आजच्या अनेक खेळांतील पथकांची मांडणीही त्याच वळणाची आहे.

शक्ती म्हणजे दुसऱ्याविषयी लिहिलेले वाक्य

गुणांचे गणित एक वेळ जमते. शक्तींचे अधिक अवघड. चित्रमय खेळात भिंत असेल, तर पात्र तिला अडते. शब्दांत अशी भिंत नसते. कोणीही काहीही लिहू शकतो आणि लिहिलेले घडले असे मानले, तर खेळ संपतो. म्हणून कथा लिहून खेळल्या जाणाऱ्या खेळांत एक मूलभूत दंडक आहे : आपण प्रयत्न लिहावा, परिणाम लिहू नये. 'मी तुझ्या दिशेने आगीचा गोळा फेकतो' हे वाक्य चालते. 'माझ्या आगीच्या गोळ्याने तू भाजून कोसळतोस' हे चालत नाही, कारण त्या वाक्याचा उत्तरार्ध लिहिण्याचा अधिकार समोरच्याचा आहे. तो चुकवील, जखमी होईल किंवा मरण पत्करील, निर्णय त्याचा. जेथे प्रोग्रॅम निवाडा करतो, तेथे हा उत्तरार्ध प्रोग्रॅम लिहितो; पण हल्ला करणारा तो कोठेच लिहीत नाही.

या कसोटीवर काही शक्ती सरळ ठरतात, तर काही घातक. उडणे, अंधारात दिसणे, जखम लवकर भरून येणे या शक्ती मुख्यतः स्वतःच्या पात्राविषयी काही सांगतात. त्यांचा भाव ठरविणे सोपे असते. दुसऱ्याचे मन वाचणे ही मात्र निराळी गोष्ट आहे. कथा लिहिणारे खेळाडू आपल्या पात्राच्या मनातले विचार मजकुरात मोकळेपणाने मांडत असतात. मन वाचणारे पात्र आले की, तो सारा मजकूर त्याला फुकटात खुला होतो आणि बाकीचे खेळाडू हळूहळू मनातले लिहिणेच बंद करतात. काळ मागे नेण्याची शक्ती तर इतरांनी लिहिलेली पानेच पुसून टाकते. दुसऱ्याच्या शरीराचा ताबा घेण्याची शक्ती म्हणजे त्याच्या हातातली लेखणी काढून घेणेच होय.

म्हणून नवी शक्ती मंजूर करण्यापूर्वी जाणते संचालक काही प्रश्न विचारतात. तिचा पल्ला किती? परिणाम किती वेळ टिकतो? वापरणाऱ्याला काय मोजावे लागते? पुन्हा वापरण्यापूर्वी किती थांबावे लागते? आणि सर्वांत महत्त्वाचे, समोरच्याला तोड कोणती? 'अदृश्य होता येते' एवढे लिहिणे पुरेसे नाही. 'श्वास रोखून धरता येईल तेवढाच वेळ अदृश्य राहता येते, पावलांचा आवाज मात्र लपत नाही' असे लिहिले, तर त्यात नाट्यही येते आणि प्रतिस्पर्ध्याला कान देऊन ऐकण्याची संधीही मिळते.

बार्टल यांनी १९९६ साली लिहिलेल्या एका गाजलेल्या निबंधात खेळाडूंचे चार प्रकार सांगितले आहेत : यश मिळविणारे, शोध घेणारे, माणसे जोडणारे आणि इतरांवर कुरघोडी करणारे. हीच अदृश्यता या चौघांच्या हाती देऊन पाहावी. पहिला पहारेकऱ्याला चुकवून खजिना गाठील, दुसरा बंद दालनात डोकावेल, तिसरा मित्रांची गंमत करील आणि चौथा पाठीमागून वार करील. नियम लिहिताना बहुतेक जणांच्या डोळ्यांसमोर पहिले तिघे असतात. परीक्षा मात्र चौथा घेतो.

१९९३ चा धडा

ती परीक्षा किती कठोर असू शकते, हे 'लॅम्डामू' या शब्दविश्वाने अनुभवले. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात पावेल कर्टिस यांनी ते १९९० साली सुरू केले. तेथे गुण नव्हते, लढाया नव्हत्या. एका मोठ्या घरात पात्रांनी वावरायचे, गप्पा मारायच्या आणि स्वतः प्रोग्रॅम लिहून नवनव्या वस्तू तयार करायच्या, असे त्याचे स्वरूप होते. दुसऱ्याच्या पात्राने अमुक केले, असे वाक्य पडद्यावर उमटविणारी एक 'बाहुली'ही अशाच वस्तूंपैकी होती. गंमत म्हणून ती चालून जाई.

१९९३ च्या मार्च महिन्यात 'मिस्टर बंगल' असे नाव घेतलेल्या एका खेळाडूने ही बाहुली वापरून भर दिवाणखान्यात, इतरांच्या देखत, काही पात्रांवर लैंगिक अत्याचाराची वर्णने उमटविली. त्यांतील वाक्ये अशी होती की, जणू ती पात्रे स्वतःच ती कृत्ये करीत आहेत. ज्यांची ती पात्रे होती त्यांच्या हाती ती वाक्ये थांबविण्याचा मार्ग नव्हता. कोणाच्या शरीराला स्पर्श झाला नव्हता. तरीही त्यांना झालेला संताप आणि अपमान खराखुरा होता. रहिवाशांच्या दीर्घ चर्चेनंतर एका संचालकाने त्या खेळाडूचे पात्र नष्ट केले. काही काळाने नव्या नावाचे एक पात्र तेथे आले आणि ते त्याचेच असावे असा अनेकांचा समज झाला. नवे पात्र घडविण्याला किंमतच नसेल, तर शिक्षेलाही फारसा अर्थ राहत नाही, हे त्यातून दिसले. पुढे कर्टिस यांनी रहिवाशांना अर्ज आणि मतदान यांद्वारे नियम ठरविण्याची सोय करून दिली. ज्युलियन डिबेल यांनी त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकात हा प्रकार सविस्तर मांडला आणि ऑनलाइन वर्तनाविषयीच्या चर्चेत त्या लेखाचा आजही उल्लेख होतो.

या घटनेत बाहुलीचा प्रोग्रॅम चोख चालला होता. दोष रचनेत होता. दुसऱ्याच्या पात्राच्या तोंडी वाक्य घालण्याची शक्ती देताना त्या दुसऱ्याची संमती विचारण्याची पायरी कोणी ठेवलीच नव्हती. नंतरच्या काळात कथाप्रधान शब्दखेळांपैकी अनेकांनी पात्राचा मृत्यू, कायमची इजा किंवा देहाचा ताबा यांसाठी दोन्ही खेळाडूंची आगाऊ संमती हा नियमच करून टाकला.

अशा खेळाला चित्रकार लागत नाही, महागडी यंत्रणाही लागत नाही. चार मित्रांनी ठरविले, तर मराठीतही तो सहज उभा करता येईल. तसे करू पाहणाऱ्यांनी राज्यांचे नकाशे आणि राजघराण्यांच्या वंशावळी सावकाश रचाव्यात. आधी एका कागदावर प्रत्येक शक्तीपुढे तिची किंमत, तिची तोड आणि ती सोसणाऱ्याचा अधिकार हे तीन रकाने आखावेत आणि ज्या शक्तीपुढचा तिसरा रकाना भरता येणार नाही, ती पात्रांच्या हाती देऊ नये.