हानाचं मारक शेवाळ

नाशिकच्या एका वाचकांचं पत्र आलंय : ‘टँकमधल्या झोअँथिड प्रवाळाच्या खडकावर केसाळ हिरवं शेवाळ माजलंय, पॉलिप उघडतच नाहीत. खडक बाहेर काढून गरम पाण्याच्या नळाखाली टूथब्रशनं घासला तर चालेल का?’ पत्र वाचलं आणि उत्तर लिहिण्याआधी त्यांना फोन केला. नाही, अजिबात चालणार नाही. प्रवाळाचं नंतर बघू, आधी तुमच्या जिवाचं.

का, ते सांगतो. हवाईतल्या माउई बेटावर हाना नावाचं गाव आहे. तिथल्या किनाऱ्यावरच्या एका डबक्यात उगवणाऱ्या गोष्टीला लोक ‘लिमू माके ओ हाना’ म्हणत, म्हणजे हानाचं मारक शेवाळ. ते भाल्याच्या टोकाला फासलं की जखम प्राण घेते, असं सांगत. ती जागा निषिद्ध मानलेली. 31 डिसेंबर 1961 रोजी संशोधकांनी तिथून नमुने गोळा केले. त्याच दिवशी हवाई विद्यापीठाच्या सागरी प्रयोगशाळेची एक इमारत आगीत जळाली! ते शेवाळ मुळात शेवाळ नव्हतंच. तो होता पॅलिथोआ, आपल्या झोअँथिडांपैकीच एक. 1971 मध्ये मूर आणि शॉयर यांनी त्यातलं विष वेगळं काढल्याचं प्रसिद्ध केलं : पॅलीटॉक्सिन.

पेशीच्या आवरणात सोडियम आणि पोटॅशियमची ने-आण करणारा पंप असतो. हे विष त्याला चिकटतं आणि पंपाचं उघडं भोक करून टाकतं. त्यावर उतारा नाही. उकळल्यानं ते भरवशानं नष्ट होत नाही, उलट वाफेबरोबर नाकात जातं. सगळ्या झोअँथिडमध्ये ते नसतं, पण कोणात आहे हे नुसतं बघून कळत नाही.

म्हणून नायट्राइलचे हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल. खडक टँकच्याच पाण्यानं भरलेल्या बादलीत, पूर्ण बुडालेला. गोडं पाणी नको, पॉलिप त्यानं फुगून मरू शकतात. घासायचं नाही. चिमट्यानं शेवाळाचा झुबका बुडाशी धरा आणि पॉलिपपासून दूर ओढा. घाई केलीत तर पॉलिपही उपटून येतो. उरलेल्या मुळांसाठी 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड एक भाग आणि टँकचं पाणी दहा भाग, त्यात पाच मिनिटं. मग टँकच्या स्वच्छ पाण्यात विसळून परत ठेवा. बादलीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका. अॅक्रोपोरा प्रवाळाला मात्र पेरॉक्साइडची ही आंघोळ कधीही घालू नका, त्याची कातडी फार नाजूक. तिथं चिमटा आणि धीर, एवढंच.

शेवाळ पोसणारं फॉस्फेट कमी करताना ते शून्यावर नेण्याच्या नादी लागू नका.

शेवटी एक : झोअँथिड हाताळल्यावर तोंडाला धातूसारखी कडू चव आली, ताप भरला किंवा श्वास जड झाला, तर थांबू नका, थेट रुग्णालय गाठा. ‘पॅलीटॉक्सिन’ हा शब्द कागदावर लिहून टँकशेजारी आजच चिकटवा आणि तोच कागद डॉक्टरांना दाखवा.