दात, हिरड्या आणि हृदय : पुरावा काय सांगतो?



दातांच्या दुखण्याला आपल्याकडे सहसा कोणी आजार मानीत नाही. दात ठणकू लागला की लवंग धरायची, हलू लागला की उपटून टाकायचा, आणि हिरडीतून रक्त आले तर मिठाच्या पाण्याने चूळ भरायची. हृदयाचे तसे नाही. हृदयविकाराचे नाव निघाले की घरदार हादरते. म्हणूनच 'हिरड्यांचा उपचार करून घ्या आणि हृदयविकार टाळा' हे वाक्य ऐकताक्षणी पटते. आमच्या संघटनेत मागण्यांचा मसुदा करताना दातांच्या दवाखान्याची मागणी याच वाक्यावर उभी करावी, अशी सूचना येत असते. मी डॉक्टर नाही. परंतु मालकापुढे मागणी ठेवावयाची तर आधी तिचा पाया आपणच ठोकून पाहावा, ही सवय या कामाने लावली आहे. आज तोच पाया आपण पाहू.

प्रथम आजार समजून घेऊ. दात आणि हिरडी यांच्या सांध्यात जंतूंचा थर साचतो. तो वेळीच निघाला नाही तर कडक होऊन त्याचे कीटण बनते. हिरडी सुजते, दातापासून सुटते, मधे पोकळी तयार होते आणि आतले हाड झिजू लागते. जुनी माणसे याला पायोरिया म्हणतात. हा आजार फारसा दुखत नाही, म्हणून वर्षानुवर्षे चालतो. पण सर्व दातांभोवतीची सुजलेली जागा एकत्र केली तर ती एक मोठी उघडी जखमच होय. घास चावताना किंवा दात घासताना तिच्यातून जंतू रक्तात शिरतात आणि शरीर त्यांच्याशी झगडू लागते.

या झगड्याच्या खुणा रक्तात सापडतात. त्यांपैकी एक म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत 1930 साली न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात त्याचा शोध लागला. शरीरात कोठेही दाह झाला की यकृत हे प्रथिन अधिक प्रमाणात तयार करते. रक्तवाहिनीत चरबीचे थर साचणे म्हणजे नळात गाळ बसणे एवढेच नसून त्यातही दाहाचा मोठा वाटा असतो, हे पुढे ध्यानात आले. त्यामुळे हृदयविकाराचा धोका अजमावण्यासाठीही हे प्रथिन मोजले जाऊ लागले. लिटरला 1 मिलिग्रॅमच्या खाली असेल तर धोका कमी आणि 3 च्या वर असेल तर अधिक, असा ढोबळ हिशेब आहे.

तोंडातल्या जंतूंमुळे सारे शरीर बिघडते, ही कल्पना मात्र जुनीच. 1910 साली विल्यम हंटर या इंग्रज डॉक्टरांनी कॅनडातील माँट्रियल येथे या विषयावर व्याख्यान दिले. त्यानंतर काही दशके अमेरिकेत आणि इंग्लंडात संधिवातापासून वेडापर्यंत नाना रोगांवर उपाय म्हणून लोकांचे दात काढण्यात आले. रोग बरे झाले नाहीत, दात मात्र गेले. कल्पना पटण्याजोगी असणे आणि ती खरी ठरणे यांत केवढे अंतर असते, ते यावरून कळते.

1989 साली फिनलंडमधून हा प्रश्न नव्याने पुढे आला. तेथील डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका आलेले 100 रोगी आणि तसा झटका न आलेली 102 माणसे यांचे दात तपासले. झटका आलेल्यांचे दात अधिक वाईट निघाले. पुढे अनेक देशांत असाच संबंध दिसला. पण दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीने दुसरी घडवली, असे होत नाही. विडी-सिगारेट हिरडीही बिघडवते आणि हृदयही. मधुमेहाचेही तसेच. आपल्याकडे मशेरी लावतात ती दात स्वच्छ व्हावेत म्हणून, पण ती असते भाजलेली तंबाखूच. शिवाय ज्याला दंतवैद्याची फी परवडत नाही, त्याला चांगले अन्न आणि विश्रांती तरी कोठून परवडणार? त्याचे दात आणि हृदय दोन्ही एकाच गरिबीने झिजत असतील.

ही गुंतागुंत सोडविण्याचा एक मार्ग म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे रोग्यांचे दोन गट पाडून एकाला पूर्ण आणि दुसऱ्याला साधा उपचार देणे. लंडनमध्ये हिरड्यांचा गंभीर आजार असलेल्या 120 जणांवर असा प्रयोग झाला आणि 2007 साली तो प्रसिद्ध झाला. 61 जणांचे कीटण हिरडीखाली खोलवर जाऊन काढले, न वाचणारे दात काढले, पोकळ्यांत जंतुनाशक औषध भरले. 59 जणांचे दात वरवर साफ केले. मग हाताला पट्टा आवळून रक्त थोडा वेळ अडवले आणि सोडल्यावर दंडाची रक्तवाहिनी किती फुगते ते मोजले. निरोगी वाहिनी चांगली फुगते. पूर्ण उपचार झालेल्या गटात 24 तासांनी ती दुसऱ्या गटापेक्षा 1.4 टक्क्यांनी कमी फुगली. त्यांच्या रक्तातील दाहाच्या खुणाही वाढल्या होत्या, कारण खोल सफाईने जखम ढवळली गेली. पण 60 दिवसांनी फरक उलटून 0.9 टक्क्यांनी अधिक झाला आणि 180 दिवसांनी तो 2 टक्क्यांवर गेला. तेव्हा हिरडीच्या उपचाराचा परिणाम दूरच्या रक्तवाहिनीपर्यंत पोचतो, एवढे यातून दिसले.

अमेरिकेत हृदयविकार असलेल्या 303 जणांवरील प्रयोगाचे निष्कर्ष 2009 साली आले. तेथे सहा महिन्यांनी सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनमध्ये दोन गटांत ठळक फरक आढळला नाही. ज्यांना नेहमीच्या व्यवस्थेवर सोडले होते, त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांनी बाहेर दातांचा काही ना काही उपचार करून घेतला होता. माणसांवरचे प्रयोग असे अवघड असतात.

आता मुख्य मुद्दा. खूण सुधारली म्हणजे रोग टळला काय? बॉयलरच्या घड्याळाचा काटा खाली आला म्हणून आतला दाब उतरलाच, असे कोणताही जाणता कामगार मानणार नाही. वैद्यकाने हा धडा फार महाग किमतीला घेतला आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठोके अनियमित पडणारे रोगी अधिक दगावतात, म्हणून ते ठोके थांबविणारी औषधे देण्यात येत. ठोके थांबतही. अमेरिकेत याची कसून परीक्षा घेतली तेव्हा 1989 साली आढळले की, यांतली दोन औषधे घेणारेच अधिक संख्येने मरण पावत होते. खूण सुधारली होती, माणूस गेला होता.

म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या तज्ज्ञांनी 2012 साली सारा पुरावा चाळून मोजका निर्णय दिला. दोन आजारांत संबंध आहे, तंबाखू वगैरेंचा हिशेब वजा केला तरी तो उरतो. उपचाराने दाह काही काळ कमी होतो. परंतु हिरडीचा आजार हृदयविकार घडवतो किंवा तिच्या उपचाराने तो टळतो, हे सिद्ध झालेले नाही. ते सिद्ध करण्यास हजारो माणसांवर अनेक वर्षे लक्ष ठेवावे लागेल, आणि तोवर निम्म्यांना उपचाराविना ठेवणे माणुसकीला धरून होणार नाही.

मग आपण काय करावे? रक्तदाबाची, मधुमेहाची गोळी दातांच्या सफाईच्या भरवशावर बंद करू नये. तंबाखू सोडावी, तिने दोन्ही ठिकाणी नुकसान होते. हृदयात कृत्रिम झडप असेल किंवा हृदयाच्या आतल्या अस्तराला पूर्वी जंतुदोष झाला असेल, तर दंतवैद्याला ते आधीच सांगावे, कारण तोंडातल्या जंतूंपासून तेथे खरोखरच धोका असतो.

आणि दवाखान्याची मागणी? ती अवश्य करावी, पण हृदयाची भीती दाखवून नव्हे. उद्या व्यवस्थापनाचा डॉक्टर हाच पुरावा टेबलावर ठेवील आणि आपली मागणी त्या वाक्याबरोबरच खाली येईल. कामगाराला भाकरी चावून खाता यावी, रात्री दातदुखीविना झोप यावी, पन्नाशीच्या आत बोळके होऊ नये, एवढे कारण पुरेसे आहे. ते आजच सिद्ध आहे. उद्या हृदयाचाही लाभ सिद्ध झाला तर आनंदच आहे, पण त्याची वाट पाहत हिरडीतून रक्त वाहू देण्याचे काहीच कारण नाही.