नूतसारा तोमकोम: आशियाची राणी, पण ऑलिम्पिकविना! असं का घडलं?

व्हॉलीबॉलच्या रील्स पाहताना थायलंडच्या महिलांचा वेगवान खेळ तुमच्याही नजरेस पडला असेल. या खेळाची सूत्रं अनेक वर्षं जिच्या हातात होती, ती म्हणजे नूतसारा तोमकोम.

सेटर नेमकं काय करते?
व्हॉलीबॉलमध्ये एका संघाला तीन स्पर्शांत चेंडू पलीकडे पाठवावा लागतो. यातला दुसरा स्पर्श बहुतेकदा सेटरचा असतो. स्मॅश कोण मारणार, हे तीच ठरवते. साधारण साडेपाच फूट उंचीची नूतसारा चेंडू इतक्या झटपट द्यायची की समोरच्या उंच ब्लॉकर्सना अंदाजच यायचा नाही. उंचीत कमी पडणाऱ्या थायलंडचं खरं हत्यार हेच होतं.

कमावलं काय?
2009 मध्ये थायलंडनं चीनला हरवून पहिल्यांदाच आशियाई विजेतेपद मिळवलं. 2013 मध्ये जपानला हरवून पुन्हा तेच केलं. 2012 च्या वर्ल्ड ग्रां प्रीमध्ये थायलंड चौथा आला आणि नूतसारा सर्वोत्तम सेटर ठरली. पुढे तुर्कीच्या फेनरबाह्चे क्लबसोबत तिनं लीगही जिंकली.

मग ऑलिम्पिक का नाही?
ऑलिम्पिकमध्ये फक्त 12 संघ असतात. 2012 च्या पात्रता स्पर्धेत थायलंडचं भवितव्य जपान-सर्बिया सामन्यावर अवलंबून होतं. जपानला दोन सेट पुरेसे होते. जपान 3-2 असा हरला, पण ते दोन सेट मिळाले आणि थायलंड बाहेर पडला.

2016 ची जखम आणखी खोल. टोकियोत जपानविरुद्ध पाचव्या सेटमध्ये थायलंड 12-6 नं पुढे होता. त्यानंतर थायलंडला दोन रेड कार्ड मिळाली, म्हणजे जपानला दोन आयते गुण. सेट 15-13 असा जपाननं जिंकला.

जानेवारी 2020 मध्ये शेवटची संधी आली, तीही घरच्या मैदानावर. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियानं 3-0 नं हरवलं. 2021 मध्ये नूतसारानं राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला.

मग तिची कारकीर्द अपुरी म्हणायची का?
2023 मध्ये नव्या पिढीनं चीनला हरवून तिसऱ्यांदा आशियाई विजेतेपद मिळवलं. उंच संघांना वेगानं हरवता येतं, हा विश्वास या मुलींना नूतसाराच्या पिढीनंच दिला होता. ऑलिम्पिकच्या यादीत तिचं नाव नाही, पण थायलंडच्या खेळात ते आजही दिसतं.