सायकलवरून लेकीच्या गावाला

गेल्या आठवड्यात एक निवृत्त शिक्षक दवाखान्यात आले. वय ६२, अंगाने काटक, रक्तदाबाची गोळी चालू. खुर्चीवर बसता बसता म्हणाले, "डॉक्टरसाहेब, लेक चोपड्याला दिली आहे. एकदा सायकलवर एकट्यानं जावं म्हणतो. जमेल ना?"

यावल ते चोपडा म्हणजे पंचेचाळीसेक किलोमीटर. मी लगेच नाही म्हटले नाही आणि होही म्हटले नाही. वाचकहो, त्यांना जे सांगितले तेच आज तुम्हाला सांगतो.

आपल्या माणसांना भेटण्यासाठी लोक सायकलवर फार दूर गेले आहेत. १९७७ साली ओडिशाचे चित्रकार पी. के. महानंदिया स्वीडनमध्ये राहणाऱ्या पत्नीला, शार्लोटला भेटायला दिल्लीहून सायकलवर निघाले. रोज झेपेल तेवढेच अंतर कापत, वाटेत लोकांची चित्रे काढून पोट भरत ते युरोपात पोहोचले. शेवटचा टप्पा मात्र त्यांनी रेल्वेने गाठला. त्यामुळे त्यांच्या प्रवासाचे मोल कमी झाले का? मुळीच नाही. त्यांना सायकल गाठायची नव्हती, बायकोला गाठायचे होते.

दुसरी हकिकत आपल्या महाराष्ट्रातून सुरू झालेली. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीमुळे काम बंद पडले, तेव्हा सांगलीकडे कारखान्यात काम करणारा २० वर्षांचा एक तरुण एकटाच सायकलवर ओडिशातील जाजपूरला निघाला. सुमारे १७०० किलोमीटर अंतर त्याने सात दिवसांत कापले. म्हणजे ऐन उन्हाळ्यात रोजचे सरासरी २४० किलोमीटर! त्याच्या जिद्दीला नमस्कार. पण ती हौस नव्हती, नाइलाज होता. विशीतले शरीर जे सोसते ते साठीतले सोसेलच असे नाही. आपल्याला कोणी घाई केलेली नसेल, तर त्याचे अनुकरण करू नये.

तिसरी हकिकत माझी स्वतःची, आणि ती सांगताना थोडी लाजच वाटते. माझी थोरली बहीण शिरपूरला असते. गेल्या भाऊबीजेला मी ठरवले, यंदा ओवाळून घ्यायला सायकलवर जायचे. अंतर नव्वदेक किलोमीटर. मला वाटले, रोज सायकलवर गावात फिरतो, मग अवघड काय? पहाटे साडेपाचला चहा घेतला, रोजची रक्तदाबाची गोळी घेतली आणि निघालो. साकळी, किनगाव, अडावद मागे पडले. उजव्या हाताला सातपुडा, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. मन असे प्रसन्न की चोपड्याला थांबून नीट खाल्लेसुद्धा नाही. बाटलीतले साधे पाणी तेवढे पीत राहिलो.

गलंगीच्या आसपास एका टपरीजवळ उतरलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. कसाबसा निंबाखाली बसलो. नाडी जलद, अंगाला घाम, पोटऱ्यांत गोळे. टपरीवाल्याने लिंबू, मीठ, साखर घालून पाणी दिले, पाय उंच करून आडवे व्हायला लावले. अर्ध्या तासाने बरे वाटले.

झाले काय होते? माझ्या गोळीत लघवी वाढवणारे औषध आहे. त्याने शरीरातले पाणी आणि क्षार कमी होतात. त्यात घामाची भर पडली आणि पोट रिकामे. पायडल मारताना पायांचे स्नायू रक्त वर ढकलत राहतात. एकदम थांबून उभे राहिले की रक्त पायांत साचते, दाब उतरतो आणि चक्कर येते. हे सारे मी रोज रोग्यांना समजावतो!

शिरपूर पंचवीसेक किलोमीटर उरले होते. मन म्हणत होते, आता हार मानायची? तेवढ्यात एस.टी. आली. सायकल टपरीवर ठेवली आणि बसलो. बहिणीने सगळे ऐकून घेतले आणि निरांजन पेटवता पेटवता एवढेच म्हणाली, "तू आलास ना, बस झालं." सायकल दुसऱ्या दिवशी भाच्याने आणली.

म्हणून सायकलवर दूर जाणाऱ्यांसाठी या काही सूचना :

१) आधी सहा ते आठ आठवडे सराव करा. अंतर हळूहळू वाढवा. ठरलेल्या अंतराच्या निदान निम्मे तरी त्रास न होता जमले पाहिजे.

२) रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. औषधाची वेळ वा मात्रा तेच ठरवतील. गोळी मनाने बंद करू नका. मधुमेहींनी खिशात साखर ठेवावी. थरथर, घाम, गोंधळ वाटल्यास लगेच खावी.

३) उपाशी निघू नका. दर तासाला काही खा. आपल्याकडचे केळे याला उत्तम. एका मध्यम केळ्यातून सुमारे १०० कॅलरी ऊर्जा मिळते, शिवाय पोटॅशियम.

४) थोडे थोडे पाणी पीत राहा, पण घाम फार येत असेल तर नुसते साधे पाणी पुरत नाही. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. मधुमेही व रक्तदाबाच्या रोग्यांनी हेही डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

५) सीट अशा उंचीवर ठेवा की पायडल खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील. हात किंवा बैठकीची जागा बधिर झाली तर उतरून थोडे चाला.

६) पहाटे निघा, दहा-अकरापर्यंत सावली गाठा. एप्रिल-मे महिन्यांत खानदेशच्या उन्हात हा बेत करूच नका. हेल्मेट घाला, मागे लाल दिवा लावा आणि घरच्यांना वाट सांगून ठेवा.

७) छातीवर दाब, जबड्यात वा डाव्या हातात कळ, न थांबणारी धाप, थंड घाम, यांपैकी काहीही झाले तर पुढे एक पायडलही मारू नका. सरळ दवाखाना गाठा.

शिक्षकांचा मी कार्डिओग्राम काढला, रक्तातली साखर पाहिली. दोन्ही ठीक निघाले. सध्या ते सकाळी सायकलवर साकळीपर्यंत जाऊन येतात. परवा विचारत होते, "वाटेत दमलो तर?" मी म्हणालो, "गुरुजी, त्या रस्त्यावर एस.टी. धावते. लेक सायकलची वाट पाहत नाही, तुमची पाहते."