हजेरीच्या नोंदींतून खाडे शोधताना

संगणकात हजेरीची माहिती आहे म्हणजे गैरहजेरीचीही असणारच, असे बहुतेक आस्थापनांत गृहीत धरले जाते, आणि म्हणून कर्मचारी कोणकोणत्या तारखांना आला नाही याची यादी अहवाल-सॉफ्टवेअरने विनासायास काढून द्यावी, अशी अपेक्षा असते. ही समजूत कागदी मस्टरच्या सवयीतून आलेली आहे. मस्टरवर डावीकडे नावे आणि वरच्या बाजूस १ ते ३१ तारखांचे रकाने आधीच आखलेले असत. त्यामुळे न आलेल्या माणसाच्या नावापुढेही त्या दिवसाचा एक चौकोन असे आणि टाइमकीपर त्यात खाडा मांडत असे. दारावरचे बायोमेट्रिक यंत्र असा चौकोन आखत नाही. बोट टेकवले की कर्मचारी क्रमांक आणि वेळ यांची एक ओळ, म्हणजे ‘पंच’, ते नोंदवते. बोट टेकवले गेले नाही तर काहीच नोंदवत नाही.

क्रिस्टल रिपोर्ट्ससारखे सॉफ्टवेअर डेटाबेसकडून मिळालेल्या प्रत्येक ओळीसाठी अहवालाचा तपशील-भाग एकदा छापते, त्यामुळे जी ओळ मुळात आलीच नाही ती छापण्याचे त्याला काही निमित्तच उरत नाही. लगतच्या दोन नोंदींमधले अंतर तपासले की मधल्या तारखा सापडतात, हा उपाय सर्रास सुचवला जातो आणि तो अर्धाच खरा आहे. ऑगस्ट २०२४ चे उदाहरण घेतल्यास, ६ तारखेनंतर थेट ९ तारखेला पंच करणाऱ्याचे ७ आणि ८ हे खाडे या पद्धतीने हाती लागतात. परंतु जो २८ तारखेनंतर फिरकलाच नाही, त्याच्या शेवटच्या नोंदीपुढे दुसरी नोंद नसल्यामुळे २९, ३० आणि ३१ या तारखा निसटतात, आणि जो महिनाभर आलाच नाही त्याचे तर नावही अहवालात येत नाही. सर्वांत जास्त खाडे करणाराच अशा अहवालात सर्वांत निर्दोष ठरतो.

भरवशाचा मार्ग म्हणजे मस्टरची ती रिकामी आखणी संगणकात पुन्हा उभी करणे. त्यासाठी दिनदर्शिकेचा तक्ता, म्हणजे प्रत्येक तारखेची एक ओळ असलेला स्वतंत्र तक्ता, लागतो. त्यातली प्रत्येक तारीख कर्मचारी-यादीतील प्रत्येक नावाशी जोडली की ४० कर्मचारी आणि ३१ दिवस यांच्या १,२४० ओळी तयार होतात. या ओळींना हजेरीचा तक्ता ‘लेफ्ट आउटर जॉइन’ने, म्हणजे डावीकडची प्रत्येक ओळ राखून उजवीकडे जुळणारी नोंद असेल तरच ती जोडणाऱ्या पद्धतीने, लावला असता ज्या ओळींसमोर ‘नल’, म्हणजे मूल्याचा अभाव, उरतो त्या बिनहजेरीच्या तारखा होत.

जॉइन लावला की काम संपले, असे मात्र नाही. पंचाची तारीख ऑगस्टमधली असावी, अशी अट निवडीत घातली की नेमक्या हव्या त्याच ओळी गळतात, कारण नलची कोणत्याही तारखेशी केलेली तुलना खरी ठरत नाही. म्हणून महिन्याची अट दिनदर्शिकेच्या तारखेवर घालावी लागते. तसेच ‘७ ऑगस्ट’ आणि ‘७ ऑगस्ट, ८ वाजून ५८ मिनिटे’ ही संगणकाच्या लेखी दोन वेगळी मूल्ये असल्यामुळे जोडणीपूर्वी पंचातील वेळ बाजूला काढली नाही तर सगळी कंपनीच गैरहजर दिसते, आणि ही चूक निदान लगेच लक्षात तरी येते.

नल उरलेली प्रत्येक तारीख म्हणजे खाडा, हा गैरसमज थेट पगारपत्रकात उतरतो, म्हणून तो अधिक गंभीर आहे. रविवारी बंद असणाऱ्या आस्थापनेत ऑगस्ट २०२४ मधले ४ रविवार आणि स्वातंत्र्यदिन वगळता, अन्य सुट्टी नसल्यास, कामाचे २६ दिवस उरतात. त्यांतूनही मंजूर रजा, बाहेरगावचे काम, रुजू होण्यापूर्वीच्या आणि नोकरी सोडल्यानंतरच्या तारखा वजा कराव्या लागतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात ८ भरपगारी सुट्ट्यांची तरतूद आहे. त्यांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ठरलेल्या, तर उरलेल्या ४ मालक आणि कामगार यांच्या संमतीने ठरायच्या असल्यामुळे एका आस्थापनेचा सुट्ट्यांचा तक्ता दुसरीला जसाच्या तसा चालत नाही.

रात्रपाळीत तर हजेरीच फसवी निघते. ६ तारखेला रात्री १० वाजता आत आलेला कामगार ७ तारखेला सकाळी ६ वाजता बाहेर पडतो आणि ७ च्या रात्री तो आला नाही तरी सकाळच्या पंचामुळे ती तारीख हजर म्हणून मोजली जाते. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ५७ ने मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात धरण्याचा नियम संगणक येण्याच्या कितीतरी आधी घालून दिला होता. अहवालात तोच हिशेब पंचाच्या वेळेतून १२ तास वजा करून साधता येतो, मात्र ही वजाबाकी रात्रपाळीपुरतीच करावी लागते, एरवी सकाळी ९ वाजता आलेल्या माणसाची हजेरी आदल्या दिवशी जाऊन बसते.