किमोनंतरचा टँगो

कॅन्सर बरा होतो, पण पाय जमिनीवर नीट टेकत नाहीत. अशा वेळी डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि डान्स टीचर एकत्र आले तर?

आधी एक छोटा प्रयोग करून बघा. भिंतीजवळ उभे राहा, एक पाय उचला आणि डोळे मिटा. किती सेकंद टिकलात? डोळे उघडे असताना जे आरामात जमत होतं, त्याची डोळे मिटताच पार वाट लागते ना?

याचं कारण असं की आपला तोल तिपाईसारखा तीन पायांवर उभा असतो. पहिला पाय म्हणजे डोळे. दुसरा म्हणजे कानाच्या आतला, डोकं कुठे कललंय हे सांगणारा भाग. आणि तिसरा, ज्याच्याकडे आपलं कधीच लक्ष जात नाही, तो म्हणजे तळपाय, घोटे आणि गुडघे यांच्याकडून मेंदूला सतत जाणारे निरोप. जमीन कडक आहे की मऊ, वजन टाचेवर आहे की चवड्यावर, हे सगळं ते न बघता कळवतात. तुम्ही डोळे मिटलेत तेव्हा तिपाईचा एक पाय काढलात. उरलेल्या दोघांनी कसंबसं निभावलं.

आता समजा, पायांकडून येणारे निरोपच बंद पडले. अशा माणसाचा सगळा भार डोळ्यांवर येतो. अंघोळ करताना तोंडाला साबण लावून डोळे मिटले, रात्री अचानक लाइट गेले, जिन्यात अंधार असला की तो पडलाच म्हणून समजा. किमोथेरपी झालेल्या अनेकांचं रोजचं आयुष्य हे असं असतं.

पायाखाली कापूस

तुमच्या घरात, नात्यात किंवा शेजारी कुणाची किमो झाली असेल तर ही वाक्यं तुम्ही ऐकली असतील. 'पायाला सारख्या मुंग्या येतात.' 'कापसावर चालल्यासारखं वाटतं.' 'चप्पल पायातून कधी निसटली कळलंच नाही.' 'ब्लाउजचं हुक लागत नाही.' आपण म्हणतो, अशक्तपणा असेल, खा-प्या, होईल बरं. पण हा नुसता अशक्तपणा नसतो. औषधाने मज्जातंतूंना झालेली ही इजा असते.

पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झॅलिप्लॅटिन, सिस्प्लॅटिन, व्हिनक्रिस्टीन ही या त्रासासाठी ओळखली जाणारी काही औषधं. यातलं व्हिनक्रिस्टीन मुळात मिळालं ते आपल्या सदाफुलीपासून. हो, सोसायटीच्या कुंडीत फुलते तीच. (म्हणून लगेच तिची पानं चघळायला जाऊ नका, ती विषारी असतात.) पेशींच्या आत अतिसूक्ष्म नळ्यांचं जाळं असतं. पेशी दुभंगताना ते लागतं, म्हणून व्हिनक्रिस्टीन आणि पॅक्लिटॅक्सेल त्याच्यावरच घाव घालतात आणि कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखतात. घोळ असा की मज्जातंतूंमध्ये याच नळ्या रेल्वेच्या रुळांचं काम करतात. त्यांच्यावरूनच मज्जातंतूच्या टोकापर्यंत लागणारा माल पोहोचतो.

रूळ बिघडले की सगळ्यात आधी हाल कुणाचे होतात? शेवटच्या स्टेशनचे. मध्य रेल्वेवर बिघाड झाला की कसाऱ्याच्या प्रवाशाला विचारा! शरीरातलं कसारा म्हणजे पायाची बोटं. कंबरेपासून तिथपर्यंत जाणारे मज्जातंतू प्रौढ माणसात जवळपास मीटरभर लांब असतात. म्हणून बधिरपणा आधी पायाच्या बोटांत येतो, मग मोजा चढवावा तसा वर सरकतो. पुढे हातांच्या बोटांतही उतरतो.

हा त्रास किती जणांना होतो? २०१४मध्ये ३१ अभ्यासांतल्या चार हजारांहून जास्त रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. किमो संपल्यावर पहिल्या महिन्यात सुमारे ६८ टक्के लोकांना हा त्रास होता. सहा महिन्यांनंतरही सुमारे ३० टक्के लोकांना होता. काही औषधांच्या बाबतीत तर किमो थांबल्यावरही काही महिने त्रास वाढतच जातो. २०१७मध्ये अमेरिकेत कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या ५१२ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निदानाला सरासरी सहा वर्षं होऊन गेली होती, तरी ४७ टक्के जणींना मुंग्या किंवा बधिरपणा होता. आणि त्यांचं पडण्याचं प्रमाण इतर जणींच्या १.८ पट होतं.

यावर औषध? डुलोक्सेटिन नावाची गोळी यातल्या वेदनेसाठी दिली जाते आणि काहींना तिचा उपयोगही होतो. पण गेलेली संवेदना आणि बिघडलेला तोल गोळीने परत येत नाही. तोल हा शिकावाच लागतो. लहानपणी एकदा शिकलो होतो, तसाच पुन्हा.

ओहायोतला डान्स क्लास

इथे गोष्टीत टँगो येतो. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत लीझ वर्थन-चौधरी या संशोधक आहेत. त्या मुळातल्या नृत्यांगना, नंतर पुनर्वसनाच्या क्षेत्रात आल्या. त्यांच्या मार्गदर्शनाखाली नृत्य हा मायनर विषय घेतलेल्या पदवीच्या एका विद्यार्थिनीने एक प्रकल्प हाती घेतला. किमोनंतर तोल बिघडलेल्या लोकांना अर्जेंटाइन टँगो शिकवायचा आणि फरक पडतो का ते मोजायचं. नव्या शैक्षणिक धोरणामुळे आपल्याकडेही आता मेजर-मायनरची चर्चा असते. मायनर म्हणजे फक्त क्रेडिट भरायचं काम नाही, हे या उदाहरणावरून पटावं.

आता तुमच्या डोळ्यांसमोर लाल ड्रेस, तोंडात गुलाब आणि गर्रकन गिरक्या आल्या असतील तर ते विसरा. ब्यूनस आयर्स आणि मोंटेव्हिडिओच्या वस्त्यांत जन्मलेल्या मूळ टँगोचा पाया म्हणजे चालणं. जोडीदाराला धरून, संगीताच्या ठेक्यावर, सावकाश चालणं. पुढे, मागे, बाजूला. मध्येच थांबणं. एका पायावर वजन घेऊन दुसरा पाय अलगद सरकवणं. फिजिओथेरपिस्ट तोलासाठी जे व्यायाम देतात, त्यांच्याशी ही यादी ताडून बघा. बरंच काही सारखं निघेल.

सहभागी लोक फोर्स प्लेटवर उभे राहत. शरीर किती झुलतं हे ही पाटी अचूक मोजते. नृत्याच्या काही आठवड्यांनंतर झुलणं कमी झालेलं दिसलं. हा अभ्यास छोटा होता, त्यामुळे 'टँगोने किमोचा त्रास बरा होतो' अशी हेडिंग देणं चूकच. पण दिशा मिळाली.

टँगोच का सुचला, यालाही मागची वाट आहे. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत मॅडेलीन हॅकनी आणि गॅमन अर्हार्ट यांनी २००७पासून पार्किन्सन्सच्या रुग्णांवर टँगोचा परिणाम अभ्यासला होता. त्यांच्या सुरुवातीच्या एका अभ्यासात नेहमीचा व्यायाम करणाऱ्यांपेक्षा टँगो करणाऱ्यांचा तोल जास्त सुधारला. दोन्ही आजार वेगळे आहेत, हे लक्षात ठेवा. पार्किन्सन्समध्ये बिघाड मेंदूत असतो, किमोनंतरचा हातापायांच्या मज्जातंतूंत. पण डगमगणारं पाऊल दोन्हीकडे आहे.

मग नुसता व्यायाम का नाही?

प्रश्न रास्त आहे. व्यायाम चालतोच, त्याचा पुरावा तर जास्त भक्कम आहे. बाझल विद्यापीठ आणि कोलोनच्या क्रीडा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४मध्ये १५८ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. किमो चालू असतानाच काहींना आठवड्यातून दोनदा, १५ ते ३० मिनिटं तोलाचे किंवा कंपन देणाऱ्या पाटीवरचे व्यायाम दिले. व्यायाम न दिलेल्या गटात मज्जातंतूंना इजा होण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट निघालं.

पण खरं सांगा, तुम्ही जिमची वार्षिक मेंबरशिप घेऊन किती दिवस गेलात? तुमची ही गत, तर किमोने थकलेल्या बाईला 'रोज एका पायावर ३० सेकंद उभं राहा' असं सांगून ती किती दिवस करेल? नाचात कंटाळ्याला वाव कमी. गाणं असतं, सोबत कुणीतरी असतं, पुढच्या वेळी नवी स्टेप असते.

दुसरं म्हणजे, नाचताना पाय, कान आणि डोकं एकाच वेळी कामाला लागतात. ठेका ऐका, स्टेप आठवा, जोडीदाराला धक्का देऊ नका. रस्त्यावरही असंच चालावं लागतं की! सिग्नल बघा, रिक्षा चुकवा, भाजीची पिशवी सांभाळा. लेझीमचं एक आवर्तन आठवा: पुढे, मागे, वाका, उठा, आणि हे सगळं ढोलाच्या ठेक्यावर. तोलाचा असा सराव आपल्या पायांना अनोळखी नाही. लेझीमवर किमोच्या संदर्भात असा अभ्यास माझ्या वाचनात नाही, पण विषय शोधणाऱ्या फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांनी याची नोंद घ्यायला हरकत नाही.

आणि तिसरं, स्पर्श. कॅन्सरच्या उपचारात शरीराला होणारा प्रत्येक स्पर्श सुईचा, सलाइनचा, तपासणीचा असतो. नाचताना कुणीतरी हात धरतं ते शरीर तपासायला नाही, तर सोबत चालायला.

एक गोष्ट मात्र स्पष्ट असू दे. नाचल्याने तुटलेले मज्जातंतू जोडले जात नाहीत. जे निरोप अजून येताहेत ते नीट वाचायला मेंदू शिकतो, घोट्यांचे स्नायू बळकट होतात आणि पडण्याची भीती कमी होते. ही भीती फार वाईट. तिच्यापायी माणूस घराबाहेर पडणं सोडतो, न चालल्याने पाय आणखी कमजोर होतात आणि मग खरंच पडतो.

पुण्यात हे घडतंय

'हे सगळं परदेशात ठीक आहे' असं म्हणू नका. पुण्यात समकालीन नृत्य करणारे हृषीकेश पवार अनेक वर्षांपासून पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग घेत आले आहेत आणि 'पार्किन्सन्स मित्रमंडळ' त्यांच्या सोबत आहे. साठी-सत्तरीतले आजी-आजोबा, ज्यातले अनेक आयुष्यात कधीच नाचले नव्हते, तिथे नाचतात. म्हणजे आपल्या माणसांना लाज वाटेल, जमणार नाही, ही शंका निकालात निघाली. किमोनंतरच्या लोकांसाठी असे वर्ग उभे करायला नर्तक, फिजिओथेरपिस्ट आणि डॉक्टर एका खोलीत यायला हवेत. यातलं काही ना काही तुमच्यापैकी कुणीतरी आत्ता शिकत असेलच.

तुम्ही काय करू शकता?

• घरात कुणाची किमो चालू असेल तर मुंग्या, बधिरपणा, तोल जाणं हे डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगायला लावा. गरजेप्रमाणे ते औषधाचा डोस बदलू शकतात. 'उगाच कशाला सांगायचं' म्हणून अनेक जण गप्प बसतात.

• बाथरूममध्ये न घसरणारी मॅट आणि आधाराचा बार, रात्री छोटा दिवा, घरातही टाच पकडणारी चप्पल. बधिर पायाला जखम कळत नाही, म्हणून रोज तळपाय बघा.

• अंघोळीचं पाणी बधिर हातापायांनी जोखू देऊ नका, कोपराने जोखा.

• नाच किंवा व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचाराच. कॅन्सर हाडांत पोहोचला असेल किंवा रक्तातल्या प्लेटलेट्स कमी असतील तर साधं पडणंही महागात पडतं.

• परवानगी मिळाली की स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून उभं राहायचं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर, मग एक पाऊल बाजूला, एक मागे. तुम्ही शेजारी उभे राहायचं. गाणं मात्र त्यांच्या आवडीचं, तुमच्या प्लेलिस्टमधलं नाही!

रोजची १० मिनिटं. मोबाइलवर रील्स बघण्यात यापेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो. तेवढी १० मिनिटं आईला, मावशीला, आजोबांना हात द्या. त्यांचं पाऊल चुकलं तर चुकू द्या, फक्त हात सोडू नका.