लाल पूररेषा आणि ‘शंभर वर्षांतून एकदा’चा हिशेब

महाराष्ट्रात नदीकाठच्या बांधकामांवर निर्बंध घालण्यासाठी जलसंपदा विभाग नकाशावर दोन पूररेषा आखतो: सर्वसाधारणपणे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आतला पट्टा निषिद्ध, तर दोन रेषांमधला नियंत्रित मानला जातो. दीर्घकालीन जोखीम नागरिकांपर्यंत पोहोचवणारे इतके ओळखीचे साधन दुसरे क्वचितच असेल, आणि नेमके तेच सर्वाधिक चुकीचे वाचले जाते.

सर्वांत हट्टी गैरसमज असा, की शंभर वर्षांचा पूर एकदा येऊन गेला म्हणजे पुढच्या तीन पिढ्या निर्धास्त. वस्तुतः ‘पुनरावृत्तिकाळ’ या संज्ञेचा अर्थ एवढाच, की तेवढा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता 1 टक्का आहे. मागच्या वर्षी तो आला होता की नाही, याने त्या शक्यतेत फरक पडत नाही. सांगली-कोल्हापूरकरांनी 2019 पाठोपाठ 2021 मध्येही महापूर पाहिला, हे येथे आठवावे. घर मात्र एका वर्षासाठी बांधले जात नाही. सलग 30 वर्षे असा पूर न येण्याची शक्यता काढायची, तर 0.99 ही संख्या तीस वेळा घेऊन गुणाकार करावा लागतो. उत्तर सुमारे 74 टक्के येते, म्हणजे त्या काळात निदान एकदा तरी पाणी लाल रेषेपर्यंत चढण्याची शक्यता 26 टक्के ठरते. निळ्या रेषेसाठी हाच आकडा 70 टक्क्यांवर जातो. ‘वर्षाला 1 टक्का’ ऐकून खांदे उडवणारा ग्राहक ‘चारांत एक’ ऐकून जागा पुन्हा पाहून येईल. म्हणून जोखमीचा आकडा निर्णयाच्या आयुष्यमानाशी जोडूनच सांगायला हवा, आणि नकाशावर रेषेशेजारी तो छापायला फारसा खर्चही येणार नाही.

रेषेपलीकडची जमीन सुरक्षित, हा दुसरा समज. रेषा मुख्यतः मागील नोंदींवर बेतलेली असते, तर हवा 1 अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प सामावण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते, त्यामुळे अतिवृष्टी अधिक तीव्र होऊ शकते आणि जुन्या नोंदींवरून काढलेला शंभर वर्षांचा पूर उद्या त्याहून वारंवार येऊ शकतो.

पुढच्या आठवड्याचा पाऊस नेमका सांगता येत नाही, मग 2100 चे काय सांगणार, हा आक्षेप हवामान आणि वातावरणाची रोजची स्थिती यांची गल्लत करतो. अनिश्चितता खरीच आहे: आंतरसरकारी हवामानबदल समितीच्या 2021 च्या अहवालात शतकाअखेरच्या समुद्रपातळीवाढीचे संभाव्य अंदाज, उत्सर्जन किती होते त्यानुसार, सुमारे 0.28 ते 1.01 मीटर इतके पसरलेले आहेत. परंतु अंदाज पसरट आहे म्हणून थांबावे, हे त्यातून निघत नाही. लंडनच्या थेम्स खाडीसाठी 2012 मध्ये स्वीकारलेल्या आराखड्यात एकाच आकड्यावर पैज न लावता, पातळी किती वाढल्यावर कोणता उपाय हाती घ्यायचा याचे पर्यायी मार्ग आखले गेले. त्या उपायाच्या तयारीला लागणारी वर्षे आधी मोजून निर्णयाची वेळ ठरते, आणि प्रत्यक्ष मोजमाप अपेक्षेपेक्षा वेगळे निघाले, तर ती वेळ अलीकडे किंवा पलीकडे सरकवता येते.